जोड लावण्याआधी

तालमीची किल्ली आता तुझ्याकडे आली. माती चाळणं, तिच्यात तेल, ताक, हळद घालणं, पहाटे पोरांना उठवून जोर-बैठकांना लावणं, हे तुला येतं. त्यावर मी बोलत नाही. बोलायचंय ते फडावरच्या कामाबद्दल. पाडवा झाला की आपल्या कर्जत-श्रीगोंद्याकडे गावोगाव जत्रा सुरू होतील. कुस्ती पोरं धरतील, पण कोणाशी धरायची ते तू ठरवणार. बाळा, अर्धा निकाल तिथंच लागतो.

पंच दोन पोरांचे हात धरून जोड दाखवतात तेव्हा लोक दंड आणि छाती बघतात. तू मान बघ. मान आखूड, जाड, खांद्यात बसलेली असली की तो ढाकेवर सहज जायचा नाही. मग कान बघ. ओठावर मिसरूड नसेना का, कान मोडलेले असले तर त्यानं तालमीत भरपूर रगडा सोसलाय असं धर. सलामीनंतर कोणता पाय पुढं टाकतो ते बघ. आपला पोरगा एकेरी पट काढणारा असेल तर त्याला तोच पाय हवा. त्या गड्याची आधी एखादी कुस्ती झाली असेल तर ती संपल्यावर नजर त्याच्यावरच ठेव. कमरेवर हात देऊन तोंडानं श्वास घेत असेल तर दम कच्चा आहे. अशाशी आपल्या पोरानं घाई करू नये. खडाखडीत मानेवर वजन टाकत राहावं, त्याला वाकून चालायला लावावं आणि मगच पटात शिरावं.

नव्या पोराला रेवड्यांच्या कुस्तीपासूनच चढव. पहिल्या हंगामात त्याला तोडीस तोड जोड दे, कधी थोडी वरचढही दे, पण वय आणि वजन दोन्ही वरचढ असलेली देऊ नकोस. हलक्या जोडी मारून टाळ्या घेणारा पोरगा दोन वर्षांत तिथंच थांबतो. मुलींच्या बाबतीत तर वजन आणि जोड दोन्ही काटेकोर बघ. श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडनं महिला महाराष्ट्र केसरी जिंकल्यावर आता आपल्या भागातल्या आईबापांना लेकीला तालमीत घालायचा धीर आलाय. तो एका चुकीच्या जोडीनं मोडू नये.

डाव सांगताना फार सांगू नकोस. उतरण्याआधी दोनच गोष्टी कानात घाल: कशानं जायचं आणि कशापासून सांभाळायचं. उंच, लांब हातापायाच्या पोराला ढाक, टांग. ठेंगण्या, भक्कम पोराला पट, कलाजंग. समोरचा पोटावर पडून राहणारा असला तर त्याचा विचार आधीच करायचा. 1910 साली लंडनमध्ये झिबिस्को गामासमोर अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. तोच झिबिस्को 1928 साली पतियाळात मातीवर उभा ठाकला आणि गामानं त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. म्हणून पोराला घिस्सा, मोळी पक्की येत नसेल तर असल्या चिवट गड्याशी जोड घेऊ नकोस.

गादीवरचा हिशेब वेगळा. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. चितपटची वाट बघणारा मातीतला पोरगा तिथं गुणांवर हरतो. कडेला रेटला गेला की एक गुण गेला. एक-एक अशी बरोबरी राहिली तर शेवटचा गुण ज्याचा, त्याचा हात वर. हे पोराला झोपेतही आठवलं पाहिजे.

तालमीत रोज त्याच जोडीदाराशी धरू देऊ नकोस. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम फेरीत समोर होता शैलेश शेळके, म्हणजे दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले गडी. कुस्ती सुटली 3-2 वर. रोजचे डाव ओळखीचे असले की असंच घासून होतं. तुझी दोन पोरं समोरासमोर आली तर कोणाच्याच बाजूला उभा राहू नकोस, आणि आधी ठरवून धरलेली नुरा कुस्ती तर अजिबात खपवून घेऊ नकोस.

नियमाची वही खिशात ठेव आणि कुस्ती चालू असताना जागा सोडू नकोस. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांना जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती होताच लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उतरवलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मांडायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. एवढं होऊनही त्यांनी कांस्य आणलं. आपल्याच नगरात, वाडिया पार्कवर, फेब्रुवारी 2025 मध्ये पंचाच्या निकालावरून वाद पेटला आणि दोन नावाजलेल्या मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. आक्षेप घ्यायचा तर तू घे, शांतपणे, वेळेत आणि नियमाला धरून. पोराचा हात पंचावर उठता कामा नये, हे आधीच बजावून ठेव.

राहिलं इनाम. शेवटच्या कुस्तीचा आकडा पुकारला की चार प्रतिष्ठित माणसं येतील, खांद्यावर हात टाकतील, "वस्ताद, तुमचाच पैलवान उतरवा" म्हणतील. त्या वेळी आकडा ऐकू नकोस, पोराच्या अंगाकडे बघ. गेल्या महिन्यात खांदा दुखावलेला आपला मोठा पोरगा या हंगामात उतरणार नाही. त्याच्या वडिलांशी मी बोललोय, त्यांना मान्य आहे. फडावर कोणाच्या भिडेला पडून त्याचं नाव देऊ नकोस.