दोन्ही बाजूंनी उघडणारा अंक

जिंतूरला बी. ए.च्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट आहे. दहावीपर्यंत ती उर्दू माध्यमात शिकली होती. एके दिवशी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर कागद लागला : 'वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे.' तो वाचून ती पुढे निघाली. एवढ्यात मराठीच्या मॅडमनी तिला हाक मारली.

"तू काही देणार नाहीस का?"

"मॅडम, माझे मराठी कच्चे आहे. ल कुठे आणि ळ कुठे, हेच मला कळत नाही. छापून आले तर सगळे हसतील."

"मग आधी उर्दूत लिही. आपल्या अंकात उर्दू विभाग आहे. नंतर तेच मराठीत लिहून बघ."

मुलांनो, असा अंक तुम्ही पाहिला आहे का? वर्षातून एकदा निघणारे हे महाविद्यालयाचे नियतकालिक असते. प्रवेश घेताना आपण जी फी भरतो, तिच्यातच अंकासाठी थोडे पैसे घेतलेले असतात. म्हणजे अंक विद्यार्थ्यांच्याच पैशांतून निघतो! त्यात कथा, कविता, शिबिराचा वृत्तांत, खेळाडूंची छायाचित्रे असतात. काही अंकांत मात्र पाहुण्यांच्या सत्काराचे फोटोच फार. असा अंक कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. त्यापेक्षा येलदरीचे धरण, नेमगिरीची लेणी, चारठाण्याची जुनी मंदिरे यांवर जिंतूरच्या मुलांनी स्वतः पाहून लिहिले, तर ते वाचावेसे वाटते.

मुलगी अजून गप्पच होती. मग मॅडम म्हणाल्या, "१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तिथे सगळे शिक्षण उर्दूतून मिळे. मराठवाड्यातली मराठी मुलेही तिथे जात आणि इतिहास, विज्ञान उर्दूतून शिकत. त्या विद्यापीठाचे 'मजल्ला-ए-उस्मानिया' हे नियतकालिकही उर्दूत निघे. आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठ झाले ते १९५८ साली. आज तू जिथे उभी आहेस ना, तिथेच तेव्हा ती मराठी मुले उभी होती. भाषा तेवढी बदलली."

त्या रात्री ती लिहायला बसली. तिचे दादा अब्बा कापूस पिंजून गाद्या भरत. धुनकीचा आवाज, घरभर उडणारा कापूस, संध्याकाळी पांढऱ्या झालेल्या त्यांच्या भुवया, सगळे तिने उर्दूत लिहिले. मग मराठीत लिहिले. मराठीला चार दिवस लागले. मॅडमनी लेख तपासला. ल आणि ळ पुष्कळ ठिकाणी दुरुस्त केले. 'धुनकी' या शब्दाखाली मात्र त्यांनी लाल रेघ मारली नाही.

"मराठीत पिंजण म्हणतात ना, मॅडम?"

"म्हणतात. पण तुझ्या घरात धुनकी आहे. तीच राहू दे."

अंक छापून आला. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून उर्दू विभाग दुसऱ्या बाजूने सुरू होत होता. अशा अंकाला दोन्हीकडे मुखपृष्ठच असते. पूर्वी मराठी मजकुरासाठी खिळे जुळवत आणि उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत. आता दोन्ही कामे संगणकावर होतात.

तिने अंक घरी नेला. दादा अब्बांनी चष्मा लावला आणि उर्दू लेख सावकाश, शेवटपर्यंत वाचला. ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी अंक उलटा केला, मराठीतले तिचे नाव तिच्याकडूनच शोधून घेतले आणि ते पान तिच्यापुढे धरले.

"हे मला येत नाही. तू वाच."

शब्दार्थ
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारा अंक, रिसाला
वृत्तांत – हकिकत
खिळे – छपाईसाठी वापरायची धातूची अक्षरे
मुखपृष्ठ – अंकाचे पहिले, बाहेरचे पान

स्वाध्याय
१. मुलगी लेख द्यायला का घाबरत होती?
२. मॅडमनी 'धुनकी' हा शब्द का बदलला नाही?
३. तुमच्या घरातील एखाद्या कामाविषयी आठ ओळी लिहा. घरात वापरतात तेच शब्द वापरा.