वाटी घरून आणायला सांग

अगं, नवा वर्ग मिळाला म्हणून पहिल्याच तासाला फळ्यावर गृहशास्त्राची व्याख्या लिहीत बसू नकोस. मुलांना सांग, उद्या येताना घरात तांदूळ मोजायला जे वापरता ते घेऊन या. कुणी स्टीलची वाटी आणेल, कुणी कान तुटलेला कप, कुणी डब्याचं झाकण. एकेकात काठोकाठ पाणी भर आणि ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतून आकडा फळ्यावर मांड. एखादी वाटी सव्वाशे मिलिलिटरची निघेल, एखादी दोनशेच्याही पुढे जाईल. मग विचार, एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटल्यावर चालतं, पण ‘दोन वाट्या तांदूळ चौघांना पुरतात’ म्हटल्यावर नेमकं कुठे घोळ होतो? १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आलं, त्यात पदार्थांची मापं वाटी-चमच्याने दिली होती. ती का लोकप्रिय झाली, हे मग सांगावं लागत नाही.

नालासोपारा-विरारच्या एका वर्गात किती स्वयंपाकघरं बसलेली असतात, बघ. वाडवळ, कुपारी, कोळी, आदिवासी पाड्यावरची, जौनपूरहून आलेली, सौराष्ट्रातली. ‘संतुलित आहारात चपाती, भाजी, वरण, भात’ असं तू एका दमात म्हणालीस, की निम्म्या पोरांना वाटतं आपल्या घरचं खाणं चुकीचं. त्यापेक्षा काल रात्री काय जेवलात ते लिहायला सांग, नाव न घालता. त्यातूनच प्रथिनं, लोह, कॅल्शियम शोधू दे. कॅल्शियमच्या बाबतीत सुकट आणि नाचणी कधी मागे पडत नाहीत. पालेभाजीवर लिंबू पिळलं की लोह जास्त अंगी लागतं आणि जेवणाला लागून चहा घेतला की कमी, एवढं जरी घरी पोहोचलं तरी तुझा तास वसूल.

डबा उघडून ‘हे काय आणलंस’ म्हणायचं नाही. बापाचा पगार विचारायचा नाही. अंदाजपत्रक शिकवायचं तर एक कल्पित कुटुंब घे. भाड्याची खोली, लोकलचा पास, आजीची औषधं, आठवड्यातून एकदा टँकर, महिन्याची भिशी, सगळं घाल. पोरं आपापल्या घरचा हिशेब त्यातच मांडतात, तुला कळतं, पण बोलायचं नाही.

या जिल्ह्यात आपल्याआधी मोठी माणसं काम करून गेली आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला नेलं. पोरं शाळेत येईनात म्हणून शाळा अंगणात गेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात गेली. साहित्य म्हणजे शिंपले, बिया, पानं. माझं मत विचारशील तर आपल्या विषयाच्या शिक्षिकेने महागड्या ओव्हनसाठी अर्ज करण्याआधी एकदा कोसबाड बघून यावं.

तुझ्या हाताशी तर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी आहेत! हिवाळा सरता सरता गावातल्या एखाद्या आजीला वर्गात बोलाव. तिला भाषण करायला लावू नकोस, पिकलेली राजेळी केळी पुढ्यात ठेव. ती कादोडी बोलीत बोलली तर बोलू दे, पोरं अर्थ लावतात. सोललेली केळी उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, माशा बसू द्यायच्या नाहीत. आठवडाभर रोज सकाळी त्याच चार केळ्यांचं वजन करून आलेख काढा. पहिल्या दोन दिवसांत वजन कसं झपाट्याने उतरतं आणि नंतर कसं रेंगाळतं, ते दिसेल. पाणी गेलं, साखर दाटली, बुरशीला जागा उरली नाही. परिरक्षणाचा धडा तिथेच झाला. अर्नाळ्याच्या पोराला विचार, बोंबील वाळवायला वलांडीवर का टांगतात? तोच पुढचा मुद्दा सांगेल.

ग्राहकाचा धडा बाजारात घे, वसईचा होळी बाजार किंवा स्टेशनबाहेरचा. रिकामी पाकिटं जमव: निव्वळ वजन, छापील कमाल किंमत, शाकाहारी-मांसाहारी खूण, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. शाम्पूची पुडी आणि बाटली यांचा दर मिलिलिटरला काढायला लाव. कधी पुडी स्वस्त पडते, कधी बाटली, म्हणून ठोकताळा देऊ नकोस. तराजूवर वैधमापनाची मोहर शोधायला शिकव, पण दुकानदाराशी भांडायला नाही. तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांग. २०१९ चा कायदा कलमांसकट पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही.

प्रात्यक्षिकाला गट पाचाचेच कर. मुलगे शेगडीशी, मुली भांड्यांशी असं होऊ लागलं, की लगेच पाळी बदल. उलटं झालं तरी बदल. ओढण्या बांधून घे, रेग्युलेटर कोण बंद करणार ते आधी ठरव. गुण देताना चव शेवटी. ओटा पुसला का, ओला-सुका कचरा वेगळा गेला का, पाणी किती बादल्या लागलं, हे आधी बघ. आणि घंटा होण्याआधी दहा मिनिटं भांडी घासायला राखून ठेव, नाहीतर ती मावशीच्या गळ्यात पडतात.