क्लिपखाली बोट घाल

भाच्या, जुनी मारुती 800 घेतलीस, चांगलं केलंस. पण ही गाडी 2014 मध्ये बनायची थांबली. म्हणजे तुझ्या गाडीखालचे ब्रेक पाइप मूळचेच असतील, तर ते दहा वर्षांपुढचे आहेत. गाडी घेताना लोक वरचा रंग बघतात, खाली वाकून कुणी बघत नाही.

हा पाइप पोलादाचा, जाडीला जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. त्याची भिंत तर मिलिमीटरभरही नाही, आणि ब्रेकचा सगळा दाब तिच्यावर. वरचा लेप खरवडला की गंज सुरू. तू कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीभर गाडी लावतोस. हवेत आम्लाचा अंश आणि ओल एकत्र आली की उघडं लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. घरी गोठ्याच्या भिंतीला गाडी लावणंही बंद कर, शेणामुताची ओल तितकीच वाईट.

मोकळा पाइप सहसा आधी सडत नाही. सडतो तो त्याला गाडीच्या तळाशी धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली आणि मागच्या चाकांजवळच्या वळणांवर. उसाच्या रानातली काळी माती तिथं थापून बसते, वरून वाळते, आत ओलीच राहते. पावसाळा सरला की, फिरंगाई देवीच्या नवरात्राआधी, गाडी रॅम्पवर घेऊन खालून धुऊन काढ. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नकोस. मग क्लिपच्या कडेनं बोट फिरव. तपकिरी पण गुळगुळीत लागलं, तर लक्ष ठेव. खरखरीत लागलं, पोपडा निघाला, फुगवटा दिसला, तर पाइप बदल. घासून रंग मारायला जाशील तर उरलीसुरली भिंतही जाईल.

ब्रेक ऑइल उतरलं की भरलं, असं करू नकोस. पॅड झिजल्यावर ते थोडं उतरतं. वारंवार उतरत असेल तर ते कुठून तरी गळतंय. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धर. हळूहळू खाली जायला लागलं तर गाडी जागची हलवायची नाही. आणि ऑइल दोन वर्षांनी बदलच. ते हवेतलं पाणी ओढतं, त्यानं पाइप आतूनही गंजतो. डॉट 3 ऑइल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द 140 वर येते. बारामतीहून पाटसला येताना रोटी घाट उतरतोस, तेव्हा हा फरक कळतो.

पाइप फुटला तर रबरी नळी चढवून किंवा झाळून देणाऱ्याकडे थांबू नकोस. तांब्याचा पाइपही घेऊ नकोस, तो हादऱ्यांनी चिरतो. कंपनीच्या मापाचा अख्खा पाइप टाक, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घे. हँडब्रेकची तार वेगळी असते, तीही त्याच दिवशी ताणून घे. मग आधी आवारात हळू चालवून ब्रेक मारून बघ, पाइपच्या जोडांना कोरडं फडकं लावून ओल येते का तपास, आणि त्यानंतरच सोलापूर रस्त्याला लाग.