₹ टाईप करायला किती खर्च येतो?

धानाच्या विक्रीचा हिशेब मी घरच्या संगणकावर नोटपॅडमध्ये मांडला आणि फाईल पेनड्राईव्हवर घेऊन छापायला गेलो. कागद हातात आला तर ₹२,३६९ या भावाच्या जागी ?२,३६९ उमटलेलं. ₹२,३६९ हा २०२५-२६ च्या खरिपातला साधारण धानाचा क्विंटलमागचा हमीभाव. आकडे इंग्रजीत होते आणि प्रिंट फिकट, त्यामुळे प्रश्नचिन्ह थेट सातासारखं दिसत होतं. शेजारच्या काकांनी कागद लांब धरून वाचला, "बहात्तर हजार तीनशे एकोणसत्तर? एका क्विंटलचे?"

तो कागद चुकाऱ्याच्या, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशांच्या, अर्जाला जोडायचा होता. पुन्हा घरी, पुन्हा टाईप, पुन्हा छपाई. चिन्हासाठी मला कुणी पैसा मागितला नव्हता, पण फेरी आणि दुसरी प्रिंट पदरचीच गेली. नाकाडोंगरीसारख्या गावातून असल्या कामासाठी तुमसर शहर गाठावं लागलं, तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी धरा.

आधी चिन्ह टाईप कसं करायचं ते पाहू. याला काहीही खर्च नाही. मोबाईलच्या कीबोर्डवर आकड्यांच्या पानावर ₹ बहुधा समोरच असतो. डॉलर दिसत असेल तर त्यावर बोट दाबून धरा, ₹ वर येतो. विंडोजमध्ये कीबोर्ड 'इंग्लिश (इंडिया)' असा निवडा आणि उजवीकडचा ऑल्ट दाबून ४ मारा. वर्डमध्ये २०बी९ असं इंग्रजी आकड्या-अक्षरांत लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं तरी चिन्ह होतं. एवढ्यासाठी कुणी 'रुपयाचं सॉफ्टवेअर' किंवा फॉन्टची सीडी विकत असेल तर घेऊ नका.

हे चिन्ह मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलं. रचना मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांची. त्याच वर्षी युनिकोडने त्याला कायमचा क्रमांक दिला. तो क्रमांक येण्याआधी लोकांनी खास फॉन्ट वापरले. त्यांत कीबोर्डवरच्या एकाच्या डावीकडची उलट्या अवतरणचिन्हासारखी खूण (`) रुपयाचं रूप घ्यायची. अशी जुनी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की रुपया जातो आणि ती खूण तेवढी उरते.

म्हणून बिघाड ओळखायला शिका, पैसे तिथेच वाचतात. चौकोनी डबा दिसला तर घाबरू नका. चिन्ह फाईलमध्ये शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही. निर्मला किंवा मुक्ता फॉन्ट लावा. निर्मला विंडोजसोबतच येतो, मुक्ता फुकट मिळतो. उलटी खूण दिसली तर ती खोडून खरा ₹ टाका. प्रश्नचिन्ह दिसलं तर चिन्ह मेलेलंच. माझं हेच झालं होतं: फाईल सेव्ह करताना 'एएनएसआय' निवडलं गेलं, ज्यात ₹ ला जागाच नाही. 'यूटीएफ-८' निवडायला हवं होतं. आता मी छापायला नेण्याआधी पीडीएफ करतो आणि मोबाईलवर उघडून बघतो.

एक्सेलमध्ये रकमेआधी हाताने ₹ टाकू नका. संगणकाचं चलन डॉलरवर असेल तर ती रक्कम नुसता मजकूर ठरते आणि बेरीज तिला धरतच नाही. नुसता आकडा लिहा, चिन्ह 'फॉरमॅट'मधून द्या.

सर्वांत लपलेला खर्च एसएमएसचा. रोमन लिपीतल्या साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एक जरी ₹ आला तरी संपूर्ण संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब झाला की ६७-६७ अक्षरांचे तुकडे पडतात. समजा बचत गटाच्या १२ बायांना हप्त्याची आठवण पाठवायची आहे, मजकूर १२० अक्षरांचा. 'आरएस' ही रोमन अक्षरं वापरली तर १२ एसएमएस, ₹ वापरला तर २४. ठोक एसएमएस घेणाऱ्याला पैसे तुकड्यामागे मोजावे लागतात, म्हणजे एका चिन्हाने बिल दुप्पट. मजकूर देवनागरीत असेल तर तो आधीच युनिकोड आहे, तिथे ₹ बिनधास्त टाका. माझं मत विचाराल तर आपल्या बायांना देवनागरीतच पाठवावं, फक्त सत्तरच्या आत बसवावं. व्हॉट्सअ‍ॅपला हा हिशेब लागूच नाही.

फ्लेक्सला चौरस फुटावर पैसे लागतात, आणि एकदा छापलेला परत घेत नाहीत. जिथे डिझाईन झालं त्याच संगणकावर फाईल 'कर्व्ह' करून घ्या, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट हरवायची भीती राहत नाही. मग प्रूफचा फोटो मागवून फक्त रकमा वाचा.

दुकानातल्या जुन्या पावती-मशीनला ₹ जमत नसेल तर नवं मशीन घ्यायची गरज नाही. 'रु.' किंवा रोमन 'आरएस' चालतं. हाताने लिहायच्या पावतीवर मी अजूनही रु. ५००/- असंच लिहितो, शेवटच्या रेघेमुळे पुढे शून्य वाढवता येत नाही. आणि खाली अक्षरी: पाचशे रुपये फक्त. चुकाऱ्याच्या दुसऱ्या कागदावरही मी रकमेखाली अक्षरी लिहूनच दिलं.