दवाखान्याच्या आवारात सावली कुठं हवी?

मैत्रिणींनो, सुनेच्या बाळंतपणाला मी दवाखान्यात दोन दिवस काढले. आवारात एकच झाड, त्याखाली मोटारसायकली. बंद कारंजात डासांच्या अळ्या. आम्ही सगळ्या तापलेल्या फरशीवर. बाग होती म्हणे, पण ती फाटकापाशी, फोटोपुरती!

आपल्या गटांना आरोग्य केंद्रात झाडं लावायची आहेत, म्हणून आधी हे वाचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका दवाखान्यातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिख यांनी तपासल्या. सगळ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन १९७२ ते १९८१ या काळात झालेलं. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, दुखणं थांबवायची जोरकस औषधंही त्यांना कमी लागली. १९८४ साली हे छापून आलं. झाड म्हणजे काही औषध नव्हे. पण खाटेवर पडून राहणाऱ्या बाईला काय दिसतं, हे कोण बघतं?

म्हणून खड्डे खणायच्या आधी एकीनं वॉर्डात जाऊन, डॉक्टरांना विचारून, खाटेच्या उंचीवरून खिडकीबाहेर बघावं. झाड तिथून दिसेल असं, पण भिंतीला चिकटून नको, वारा-उजेड अडतो. पश्चिमेला कडुनिंब नाहीतर करंज लावा, दुपारचं ऊन तिकडूनच येतं.

बाक सावलीत हवा, अन् नाव पुकारलेलं ऐकू येईल इतका जवळ. नाहीतर नंबर जाईल या भीतीनं कुणी बसतच नाही. बाकाला पाठ अन् हात दोन्ही हवेत. पोटुशी बाई हाताला धरून उठते. वाट सपाट, पायरी नसलेली, चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद. गुळगुळीत फरशी पावसाळ्यात घात करते.

कण्हेर नकोच. फुलं छान, पण पानाफुलांसकट सगळं झाड विषारी, अन् तिथं लेकरं खेळतात. रातराणीचा उग्र वास दमेकऱ्यांना सोसत नाही. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा.

पाण्याचं मात्र आधी ठरवा. जूनमध्ये लावलेलं रोप एप्रिलात वाळतं. हात धुण्याच्या नळाचं सांडपाणी आळ्यात वळवता येईल का, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, परवानगी लेखी घ्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं मार्च ते मे महिन्यांची पाणी घालायची पाळी लिहून आणावी. रोपांची यादी त्यानंतर करू.