एकदा दिलेला होकार

लोकगीते गोळा करण्यासाठी आम्ही विद्यार्थी वाणगाव परिसरातील पाड्यांवर जातो. वारली लग्नात धवलेरी गाते, ती गाणी मुद्रित करतो. प्रकल्प संपतो, मुद्रण उरते. ते पुढे दुसऱ्या अभ्यासकाला द्यावे काय? पुस्तकात, इंटरनेटवर घालावे काय? पहिल्या होकारात हे सारे येते, असे आपण गृहीत धरतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. संमतिपत्रातील शब्द व्यापक होते. लोकांची समजूत मात्र मधुमेहापुरतीच होती. पुढे तेच रक्त मनोविकार व वंशाचे मूळ यांच्या संशोधनासही वापरले गेले. आपला उगम आपल्याच दरीत झाला, अशी या जमातीची श्रद्धा आहे. तिला धक्का बसला. २००४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोघांच्या निधनानंतर, २०१७ पासून, 'परी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन अनेक गायिकांना पुन्हा भेटले. ओवीबरोबर गायिकेचे नाव व गाव दिले जाते. जुने साहित्य नव्याने वापरताना माणसांकडे परत जाता येते, हे यावरून दिसते.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी आजी अंगठा उठवते. शिकणाऱ्या पोराला नाही कसे म्हणायचे, म्हणून पाड्यावरच्या बायका हो म्हणतात. तो होकार समोर बसलेल्या पोराला असतो. उद्याच्या अनोळखी माणसाला तो आपोआप लागू होत नाही.

म्हणून मला वाटते, मुद्रणाच्या वेळीच तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: या अभ्यासाला चालेल का? दुसऱ्या अभ्यासकाला दिले तर? सर्वांना ऐकू येईल असे ठेवले तर? नाव द्यावे की नाही, हेही विचारावे. उत्तरे त्यांच्याच बोलीत मुद्रित करावीत. इंटरनेटवर गेलेले पुरते परत घेता येत नाही, हे आधीच सांगावे. एखादीने पहिल्यास हो आणि तिसऱ्यास नाही म्हटले, तर तेही वहीत तसेच लिहावे. गाणे विधीचे असेल तर पाड्यातील जाणत्यांनाही विचारावे. यात वेळ जाईल, काही गाणी हातची जातील. पण पुढच्या वर्षी त्याच दारात जाताना मान खाली घालावी लागणार नाही.

(द्वितीय वर्ष, कला)