आत्याबाईंची देवी करू नकोस

अगं, दहावा झाला, पाहुणे पांगले आणि आता घर खायला उठतंय, असं तू फोनवर म्हणालीस. उठणारच. सासूसाठी सून एवढी रडते म्हणून काष्टीतल्या बायका कुजबुजत होत्या, ते माझ्याही कानावर आलं. कुजबुजू दे. लग्नानंतर तुला कॉलेजला धाडणाऱ्या बाईसाठी रडायला कुणाची परवानगी काढायची?

मला बोलायचंय ते वेगळंच. दहाव्याला महाराजांचं प्रवचन झालं, मग एकेक पुढारी माईकवर आला. सोशिक माऊली, कष्टाळू, प्रेमळ. चौकातल्या फ्लेक्सवरही तेच. खोटं कुणी बोललं नाही, पण हे शब्द कुठल्याही गावातल्या कुठल्याही दहाव्याला चालले असते. त्यात तुझ्या सासूबाई, तुझ्या आत्याबाई कुठं होत्या?

आणि सोशिक कसल्या गं! तूच सांगायचीस ना, शनिवारच्या बाजारात तुझे सासरे, मामा गाय बघायला निघाले की या मागोमाग. आधी कास बघायच्या, मग दात, मग चार पावलं चालवून बघायच्या. शिंगं रंगवून आणलेलं जनावर असलं, तर पुन्हा एकदा. रुमालाखाली बोटं दाबून व्यापाऱ्यांचा सौदा चालायचा, तेव्हा या बाजूला उभं राहून नुसत्या चेहऱ्यांवरून भाव ओळखायच्या. एकदा मामांनी त्यांचं न ऐकता गाय आणली आणि तिचं एक सड बंद निघालं. पुढं महिनाभर मामांना कोरा चहा! हे सांगताना तू हसून हसून बेजार व्हायचीस. ती बाई माईकवरून कुणी सांगितली नाही. ती तू सांगायची.

कवयित्री बहिणाबाईंचंच बघ ना. जन्म 1880 चा, आसोद्याचा. दिल्या जळगावच्या चौधऱ्यांकडं. अक्षरओळख नाही, तिशीतच वैधव्य. शेतात, जात्यावर गाणी सुचायची आणि तिथंच हवेत विरायची. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ती जमेल तशी टिपून ठेवायचे. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. घरातल्या कुणी पेन्सिल हातात धरली नसती, तर त्याही 'कष्टाळू माऊली' म्हणूनच सरल्या असत्या.

तुझ्या आत्याबाई कवी नव्हत्या, मान्य. पण आठवणींची वही करायला कवी कशाला असायला हवं? एक जाडशी वही घे. पहिल्या पानावर त्यांचं नाव लिही, माहेरचं. सासरी आल्यावर नाव बदललं असेल तर दोन्ही. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचं नाव लागतं. त्यांच्या पिढीच्या बाईला जन्मभर अमक्याची आई म्हणूनच हाक मारली गेली. निदान तुझ्या वहीत तरी त्यांना नाव असू दे.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीकडं जा, लवकर जा, त्याही थकल्यात. लहानपणी ही कशी होती, कुणाशी भांडायची, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, हे आता फक्त त्यांनाच ठाऊक. जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर मोबाईलवर म्हणवून घे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही गाणारणीच्या नावागावासकट. आपल्याला एकीच्याच जमवायच्यात.

आत्याबाईंचा मोबाईल कुणाला देऊ नकोस आणि नंबरही एवढ्यात बंद करू देऊ नकोस. बँकेची कामं त्यावर अडतात, ते एक. आणि व्हॉट्सअपवर त्यांचा आवाज आहे. 'येताना कोथिंबीर आण' एवढंच म्हटलेलं असलं, तरी आधी दुसरीकडं उतरवून ठेव.

आता खरं अवघड. तुझ्या थोरल्या जावेशी त्यांनी वर्षानुवर्षं अबोला धरला होता, तेही लिही. तुझ्यावर माया केली आणि तिच्यावर केली नाही, हे तुम्हा दोघींनाही माहीत आहे. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, बरोबर आहे. पण खरं बोलणं म्हणजे वाईट बोलणं नव्हे. उलट जावेलाच म्हण, 'ताई, तुमच्या आठवणीतल्या आत्याबाई तुम्ही लिहा.' ती चिडेल, रडेल, कदाचित वही परत करेल. पण तिच्या पानांशिवाय तुझी वही म्हणजे दुसरा फ्लेक्सच.

वर्षश्राद्धाला पुढारी पुन्हा येतील. त्यांचं आटोपलं की तू माईक माग आणि कोऱ्या चहाची गोष्ट सांग. दीर डोळे वटारतील, वटारू देत. मामा मात्र आधी हसतील, बघ.